भोकाचं नाणं

कास्टेलेन मोटारीची जाहिरात एवढीच असायची:
नाणं उभं राहील.
इंजिन चालू, बॉनेटवर पंचवीस सांतीमचं निकेलचं नाणं
कडेवर उभं, मधोमध भोक,
आणि शेजारी टोपी हातात घेऊन ओडिलॉन कास्टेलेन,
जणू नाण्याला पहिलं पाऊल त्यानेच टाकायला शिकवलंय.

अँटवर्पमध्ये, नदीपासून दोन गल्ल्या आत माझं गॅरेज.
चाळीस वर्षं म्हाताऱ्या गाड्या दुरुस्त करतोय.
नाव मोठं लक्षण खोटं, अशा पुष्कळ येऊन गेल्या,
वरून क्रोम, खाली गंजाचा भुगा.
कास्टेलेन तशी नव्हती.
नाव मोठं, आणि लक्षणही खरं.
अडचण तिथूनच सुरू होते.

गियरच्या दांड्यावर हस्तिदंताची मूठ आहे.
धरली की आधी गार लागते,
मग हळूहळू आपल्याच तळव्याची ऊब आपल्याला परत देते.
मला ती आवडते. काय करू.
पहिल्या गाड्यांच्या काळात काँगोहून बोटी यायच्या,
दात यायचे, रबर यायचं,
आणि रबर आणणाऱ्यांच्या हातांचं काय झालं
तेही छापून यायचं.
ते वर्तमानपत्र मागच्या सीटवर
नीट घडी करून ठेवलेलं असायचं.

माझ्याकडची ही गाडी एकतीस सालची.
काळपट हिरवी, ओल्या शेवाळासारखी.
आधी एका हिरेव्यापाऱ्याची.
चाळीस साली तो बायकोमुलींसह रेल्वेने निघून गेला,
कुठवर पोचला ते कागदात नाही.
कागदात पुढचं नाव एका जर्मन कर्नलचं.
त्यानेही नाणं उभं केलं असणार.
उभं राहिलं असणार.
इंजिनाने माणूस ओळखला नाही,
आणि इंजिनाचं कौतुक तरी दुसरं काय होतं?
कुणासाठीही थरथरत नाही.

मागची सीट उसवली तेव्हा घोड्याचे केस निघाले,
एक हेअरपिन,
आणि कातड्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने:
बेर्ता मूरेन्स. आज बोट शिवलं गेलं. पुढे चालू.
शिवण पाहिली. इंचाला अकरा टाके.
कुठल्या टाक्यात बोट सापडलं, ओळखता येईना.
तेही अकरातलंच एक.

छप्पन्न साली कारखाना बसला.
आवारात आता सुपरमार्केट आहे, गाजरं बरी मिळतात.
नाव मात्र वेगळं विकलं गेलं,
माणूस गेल्यावर सोन्याचा दात काढून घ्यावा तसं.
आधी ते सिगारेट-लायटरवर होतं,
मग एका अत्तरावर,
आता परदेशी पैशाने ते पुन्हा मोटारीवर येतंय,
बॅटरीच्या,
जिच्यात थरथरायला काही नाहीच.

म्हणून परवा तिघं आली, कॅमेरा घेऊन.
त्यांना वारसा हवा होता, दीड मिनिटाचा.
मी इंजिन सुरू केलं, बाही सावरली,
नाणं कडेवर ठेवलं, हात काढला.
उभं राहिलं.
तेरेझा नावाची मुलगी होती, ती खाली वाकली
आणि भोकाला डोळा लावला.
"काय दिसतं?" मी विचारलं.
"तुम्ही," ती म्हणाली. "बारीकसे."

तेवढ्यात बाहेरून चार नंबरची ट्राम गेली.
फरशी हलली, टेबलावरचे पाने वाजले,
नाणं लवंडलं, घरंगळलं,
आणि उघड्या दारातून आत, सीटच्या फटीत.
इंजिनाचा दोष नव्हता. मी तसं सांगितलंही.
पडल्याचं कापून टाकू, म्हणाले.

ती गेल्यावर टॉर्च घेतला, चिमटा घेतला.
सीट पुन्हा उसवावी लागेल.
इंचाला अकरा टाके.
आज राहू दे.